परदेशी पैसा, परदेशी माणसं आणि लिस्बनमधली आमची गल्ली

नाशिककर_ग्रासा

मी मूळची नाशिकची. २०१९ पासून नोकरीनिमित्त लिस्बनमध्ये आहे. राहते ग्रासा नावाच्या टेकडीवर. एका अंगाने उतरलं की मोरारिया, दुसऱ्या अंगाने आल्फामा. लिस्बनच्या फोटोंत हमखास दिसणारी २८ नंबरची पिवळी ट्राम आमच्याच रस्त्यावरून जाते.

आमच्या इमारतीच्या दारापाशी भिंतीवर छोट्या काळ्या डब्या ठोकलेल्या आहेत. त्यांना आकड्यांचं कुलूप असतं, आत चावी. पर्यटक येतो, मोबाइलवर आलेला आकडा फिरवतो, चावी काढतो आणि वर जातो. मी आले तेव्हा अशी एक डबी होती. आज सात आहेत. इमारतीत घरं आहेत अकरा. उरलेल्या चारांतलं एक माझं, एक दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं.

गेल्या महिन्यात मावशींना पत्र आलं. भाडेकराराचं नूतनीकरण होणार नाही, घर रिकामं करा. मावशींचं वय ६७. लग्न होऊन याच घरात आल्या, नवरा याच घरात गेला. पत्राखाली एका कंपनीची सही आणि पत्ता दुसऱ्याच देशातला. संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

वस्तीत पैसेवाले येतात, घरं रंगवली जातात, भाडी चढतात आणि जुनी माणसं बाहेर फेकली जातात, याला जेन्ट्रिफिकेशन म्हणतात. १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द पहिल्यांदा वापरला. तिथे येणारा मध्यमवर्ग त्याच शहरातला होता. लिस्बनमध्ये घर घेणारा बहुतेकदा दुसऱ्या देशातून येतो, आणि त्याला सरकारनेच आवतण धाडलेलं आहे.

२०११ मध्ये पोर्तुगालची तिजोरी रिकामी झाली आणि ७८ अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. नवा भाडेकायदा आला, त्यामुळे वर्षानुवर्षं गोठलेली भाडी सुटी झाली आणि जुने बेमुदत करार पाच-पाच वर्षांचे करता येऊ लागले. आणि गोल्डन व्हिसा आला: पाच लाख युरोंचं घर घ्या, राहण्याचा परवाना मिळवा. वर्षाकाठी सरासरी आठवडाभर देशात राहिलात तरी चालेल. नंतर जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांसाठी हा आकडा साडेतीन लाखांवर आणला. बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षं करसवलत देण्याची योजना २००९ पासून होतीच. २०१४ मध्ये पर्यटकांना घर भाड्याने देण्याची नोंदणी अगदी सोपी केली. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आला. त्याची अट होती पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न. माझ्या गल्लीत त्या किमान वेतनावर जगणारी माणसं राहत होती, हे लक्षात घ्या.

आमच्या शेजारचा सांता मारिया मायोर हा प्रभाग, ज्यात आल्फामा आणि मोरारिया येतात, तिथली लोकसंख्या २०११ ते २०२१ या दहा वर्षांत तेरा हजारांच्या जवळून दहा हजारांवर आली. घराची किंमत २०१६ च्या सुरुवातीला शहरात दर चौरस मीटरला दोन हजार युरोंच्या आत होती, २०२३ मध्ये चार हजारांच्या पुढे गेली. पगार काही दुप्पट झाले नाहीत.

इथे परदेशात राहणारे बरेच आहेत, गोव्याचेही आहेत. तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा.

खोताची_वाडी_शेजारी

धागा वाचून गिरगावातलं आमचं घर आठवलं. गोठलेलं भाडं म्हणजे आमची पागडीच की. मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि माझ्या आजोबांनी ठरवलेलं भाडं वडिलांनीही भरलं. घरमालक दुरुस्ती करीनात, गॅलऱ्या टेकूवर उभ्या. तुमच्याकडे ते बंद झालं तर इमारती तरी सुधारल्या असतील ना? दोन्ही बाजूंनी विचार व्हावा.

नाशिककर_ग्रासा

@खोताची_वाडी_शेजारी, सुधारल्या, हे खरंच आहे. लिस्बनमध्ये १९४८ पासून भाडी गोठलेली होती. ग्रासातल्या कितीतरी घरांची छपरं गळत होती, मोरारियात अख्ख्या इमारती विटा लावून बंद केलेल्या होत्या. आता निळ्या फरशा चकाचक आहेत.

पण तुमच्यात आणि इथे एक मोठा फरक आहे. मुंबईत उपकरप्राप्त चाळीचा पुनर्विकास झाला तर विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली पागडीवाल्या भाडेकरूला त्याच जागी मालकीचं घर मिळतं. बिल्डर फसवतात, वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात काढावी लागतात, सगळं खरं. तरी कायदा त्याचा हक्क मानतो. इथे भाडेकरूच्या हाती पत्र येतं. २०१२ च्या कायद्यात ६५ वर्षांवरच्या आणि अपंग जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिलं होतं. मावशी तेव्हा ५४ वर्षांच्या होत्या. समोर ठेवलेल्या पाच वर्षांच्या करारावर त्यांनी सही केली.

अवांतर: आमच्या ग्रासात कामगारांसाठी बांधलेल्या 'विला' आहेत. मध्ये अंगण, भोवती ओळीने खोल्या, लोखंडी जिने. पहिल्यांदा आत गेले तेव्हा थेट चाळीत आल्यासारखं वाटलं. त्यातली 'एस्ट्रेला द ओरो' नावाची वसाहत शंभर वर्षांपूर्वी एका मिठाईवाल्याने आपल्या कामगारांसाठी बांधली. तो स्पेनच्या गालिसियातून पोटासाठी आलेला होता. म्हणजे ही टेकडी परदेशातून आलेल्या माणसानेही वसवलेली आहे. तो आला तेव्हा त्याने घरं वाढवली.

बार्देसकार

ताई, तुमचं लिखाण वाचून राहवलं नाही.

मी बार्देशातला, साळगावच्या बाजूचा. आमच्या वाड्यावर सतरा घरं, त्यातली नऊ बंद. माणसं गेली कुठे? पोर्तुगालच्या पासपोर्टवर. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तिथलं नागरिकत्व नोंदवता येतं. बहुतेक जण लिस्बनला कागद करून पुढे इंग्लंडला गेले, स्विंडन, साउथॉल. ब्रेक्झिटनंतर ती वाट अरुंद झाली, आता काही जण लिस्बनच्या आसपासच थांबतात. माझा आतेभाऊ तिथे ओदिव्हेलाशला एका खोलीत चौघांबरोबर राहतो. इकडे त्याचं बाल्कांव (बसायचा दर्शनी ओटा) असलेलं घर, मागे विहीर, आंब्याची झाडं, आणि दाराला कुलूप.

आणि त्या कुलूपबंद घरांवर दिल्लीच्या गाड्या फिरतात. आसगाव, शिवोली, साळगाव. घराचे बारा वारसदार पाच देशांत, कुणी एक दलाल सगळ्यांच्या सह्या गोळा करतो. मग तिथे पोहण्याचा तलाव असलेला व्हिला उभा राहतो, आठवड्याच्या भाड्याचा. परदेशी पर्यटकाला भारतात घर विकत घेता येत नाही, परकीय चलनाचा फेमा कायदा आहे. मोरजीला रशियनांनी घेतलेल्या जमिनींवरून मागे चौकशा झाल्या होत्या. पण आज आमच्या गावात पैसा येतो तो देशातल्याच मोठ्या शहरांतून, आणि गावच्या पोराला दोन खोल्या भाड्याने मिळत नाहीत.

तुम्ही ज्या मोरारियाबद्दल लिहिता त्याच्या खालच्या अंगाला इन्तेन्देन्त चौक आहे ना? २०११ मध्ये लिस्बनच्या महापौरांनी आपलं कार्यालयच तिथे हलवलं. ते महापौर म्हणजे आंतोनियो कॉस्ता, आमच्या मडगावच्या घराण्यातले, पुढे पंतप्रधान झाले. बदनाम वस्तीला मान मिळावा हा हेतू चांगलाच होता. पण वस्ती सुधारली आणि सुधारलेल्या वस्तीत राहणारे बदलले, असं आतेभाऊ सांगतो.

अर्थवेध

भावना समजतात, पण काही आकडे समोर असावेत. गोल्डन व्हिसा घेणारे मूळ गुंतवणूकदार अख्ख्या देशात दहा-बारा वर्षांत मिळून बारा हजारांच्या वर. एकट्या लिस्बन शहरात घरं तीन लाखांहून जास्त. शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये आठ लाख होती, २०२१ मध्ये साडेपाच लाखांच्या आत. म्हणजे माणसं कमी होण्याची सुरुवात परदेशी पैसा येण्याच्या खूप आधी झाली. २०२१ च्या जनगणनेत शहरात सुमारे ४८ हजार घरं रिकामी होती. सरकारी मालकीची भाड्याची घरं देशात एकूण घरांच्या जेमतेम दोन टक्के. स्वतःच्या लोकांसाठी घरं बांधली नाहीत आणि दोष पाहुण्यांना, हे मला पटत नाही.

नाशिककर_ग्रासा

@अर्थवेध, आकडे बरोबर आहेत, आणि सरकारने घरं बांधली नाहीत हेही शंभर टक्के मान्य. पण बारा हजार भागिले तीन लाख असं गणित घरांच्या बाजारात चालत नाही. गल्लीत वर्षाला दोन घरं विकली जातात. ती दोन पाच लाखांना गेली की तिसऱ्या घराचा मालक, ज्याला विकायचंही नाही, तो आपल्या घराकडे पाच लाखांचं म्हणून बघायला लागतो. दलाल तर 'पाच लाखांच्या आतलं दाखवूच नका' असं सांगायचे, कारण व्हिसाची रेषा तिथे होती.

नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. जागेतून आज मिळणारं भाडं आणि तीच जागा दुसऱ्या कुणाला दिली तर मिळू शकेल ते भाडं, यांतली दरी वाढत गेली की भांडवल तिथे येतं. मावशींचं भाडं ३१० युरो. त्याच मापाचं घर पर्यटकांना दिलं तर मालकाला तेवढे चार रात्रींत मिळतात. ही दरी मावशींनी पाडलेली नाही. जगभरच्या पैशाला दार उघडलं तेव्हा ती पडली.

रिकाम्या घरांचंही तसंच आहे. ज्याने घर परवान्यासाठी घेतलं त्याला भाडेकरूची कटकट नकोच असते.

व्हँकुव्हरची_सई

आमच्याकडे कॅनडात, व्हँकुव्हरला, २०१६ च्या ऑगस्टमध्ये परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर लावला, दोन वर्षांत तो २० टक्के केला. २०२३ पासून तर परदेशी लोकांना घर घ्यायला देशभर बंदीच आहे. सुरुवातीला थोडी घसरण झाली, पण घर आवाक्यात आलं असं काही मी म्हणणार नाही.

मला वेगळंच सांगायचंय. त्या काळात 'परदेशी खरेदीदार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिनी चेहरा यायचा. माझ्या मुलाच्या वर्गातल्या मैत्रिणीचं कुटुंब चार पिढ्या इथलं, तिचे पणजोबा इथेच राबले. तिच्या आईला घर बघायला गेल्यावर विचारलं गेलं की पैसे कुठून आणले. पैशाला चेहरा नसतो, मग राग चेहऱ्यांवर निघतो. लिस्बनमध्ये तो कुणाच्या चेहऱ्यावर निघतोय?

परशुराम_घाट

सईताईंनी विचारलं त्याचं उत्तर मी देतो. मी चिपळूणचा. तीन वर्षं झाली लिस्बनला, मार्तिम मोनीशजवळ एका हॉटेलात तंदूरवर आहे. इथे कधी लिहिलं नव्हतं, वाचत असतो.

राग आमच्या चेहऱ्यावर निघतो. बेन्फॉर्मोझो नावाची गल्ली आहे, बांगलादेशी, नेपाळी, आपले पंजाबी, सगळ्यांची दुकानं तिथे. १९ डिसेंबर २०२४ ला पोलिसांनी त्या गल्लीतल्या माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून ओळीने उभं केलं. फोटो सगळीकडे फिरले. मी त्या वेळी कामावर होतो, माझ्या खोलीतला एक जण त्या ओळीत होता. रात्री आला आणि जेवला नाही. पुढच्या मे महिन्याच्या निवडणुकीत आमच्यासारख्यांना घालवा म्हणणारा शेगा पक्ष ६० जागा घेऊन गेला.

लोक म्हणतात यांच्यामुळे भाडी वाढली. मी खोलीला नव्हे, खाटेला भाडं देतो. महिन्याला २६०. दोन खोल्यांत नऊ जण. हिशेब करा, मालकाला त्या गळक्या घराचे किती मिळतात. एवढं भाडं कुठलंही पोर्तुगीज कुटुंब देणार नाही. म्हणजे आमच्या गर्दीमुळे पण घर कुटुंबाच्या हातून जातं, हे मला कळतं. पण एकट्याला घर कोण देतो? जामीनदार आणा म्हणतात, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. कागदावर पत्ता द्यायचे वेगळे पैसे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मोरारियातच एका घराला आग लागली, आत आमच्यासारखीच गर्दी होती. दोघं गेले, एक तर चौदा वर्षांचा पोरगा. तेव्हापासून मी दारापासच्या खाटेवर झोपतो. त्या खाटेला वीस युरो जास्त पडतात.

लालबाग_गल्ली_३

परशुराम भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझे आजोबा गिरणीत होते. परळच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात पंचवीस जण. पहिली पाळी उठून गेली की तिसऱ्या पाळीवाले त्याच जागेवर अंग टाकायचे. वळकट्या वेगळ्या, जमीन तीच. आमच्या घरी हे अभिमानाने सांगतात, कारण त्या गाळ्यामागे गाव होतं, गावच्या मंडळाचा रजिस्टर होता, खानावळीची बाई होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या जमिनीवर टॉवर आले. २००५ मध्ये बांधकामात शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला वाट मोकळी झाली, तो पैसाही पुढे लोअर परळच्या काचांमागे आला. आम्हाला तो पैसा परदेशी की देशी हे कधी कळलंच नाही. कळलं ते एवढंच की खानावळ बंद झाली.

तिथे तुमच्या बाजूने बोलणारी एखादी संघटना आहे का?

स्पष्टवक्ता_७७

धागाकर्तीला एक थेट प्रश्न. तुम्ही आयटीत, परदेशी पगार, वस्ती तीच. मावशींचं भाडं ३१०, तुमचं किती? तुम्ही यात नेमक्या कुठे बसता?

नाशिककर_ग्रासा

@स्पष्टवक्ता_७७, प्रश्न योग्य आहे. मी २०१९ मध्ये ८५० युरोंवर आले, आता १२५० देते. माझ्या आधी त्या घरात एक सुतार आणि त्याची बायको राहत होती, हे मला मावशींकडून कळलं. त्यांना ८५० परवडले नाहीत, मला परवडले.

शिवाय मी ती दहा वर्षांची करसवलत घेतली आहे. माझ्या शेजारी बसणारी पोर्तुगीज मुलगी माझ्याच पदावर, माझ्याएवढ्याच पगारावर आहे. माझ्या पगारावर सरसकट २० टक्के कर, तिच्या पगारावर त्याहून कितीतरी जास्त. तीस वर्षांची आहे, आईवडिलांकडे राहते, कारण याच शहरात तिला घर परवडत नाही. पहिल्या वर्षी मला ही सवलत म्हणजे कष्टाचं फळ वाटली होती. आज तसं वाटत नाही. योजना २०२३ अखेर नव्यांसाठी बंद केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या कायद्याने घर घेऊन गोल्डन व्हिसा मिळवणंही थांबवलं. माझी सवलत मुदतीपर्यंत चालू आहे.

म्हणून परशुरामदादांचं वाचून फार लागलं. आम्ही दोघं एकाच विमानतळावर उतरलो. मला 'एक्सपॅट' म्हणतात, कॅफेत इंग्रजीत मेन्यू देतात. त्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगतात. आणि भाडं चढवण्यात माझा वाटा त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

बार्देसकार

असं उघड लिहायला धैर्य लागतं, ताई. आतेभावाने घर विकायचा विचार सध्या थांबवला आहे. दलालाला नको म्हणाला. किती दिवस टिकेल ठाऊक नाही, पैशांची नड आहे त्याला.

अर्थवेध

विकली जाणारी दोनच घरं संपूर्ण गल्लीचा भाव ठरवतात हा मुद्दा मान्य. मी सरासरीत बघत होतो. तरीही पर्यटकांची घरं बंद केली की भाडी उतरतील याची खात्री मला नाही. लिस्बनने २०१८ च्या शेवटी आल्फामा, मोरारिया वगैरे भागांत नवी नोंदणी थांबवली होती ना? भाडी तर त्यानंतरही वाढली.

नाशिककर_ग्रासा

हो, थांबवली, पण ज्यांची नोंद आधी झाली होती त्यांचं काहीच बिघडलं नाही. आमच्या सातही डब्या नोंदणीवाल्या आहेत. राहत्या इमारतींतून हा धंदा काढावा का, यावर शहरात सार्वमत घ्या म्हणून लोकांनी हजारो सह्या गोळा केल्या. मावशींचीही सही होती. जानेवारी २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने परवानगी नाकारली. एप्रिल २०२३ मध्ये 'राहण्यासाठी घर' म्हणत मोठा मोर्चा निघाला होता, त्यात मी होते. माझ्या पुढे एक बाई घराची चावी दोरीला बांधून गळ्यात घालून चालत होती. चावीला इथे 'शाव्ह' म्हणतात. आपली 'चावी' तिथूनच आली.

@लालबाग_गल्ली_३, संघटना आहे. लिस्बनच्या भाडेकरूंची संघटना १९२४ पासून आहे, वर्गणी भरून सभासद झालं की वकील कागद बघतात. मावशींचं पत्र घेऊन गुरुवारी जायचं ठरलंय. मूळ करार कधीचा, कोणत्या पत्राने तो बदलला, नोटीस मुदतीत आली का, हे सगळं तपासावं लागेल. मावशींनी १९८३ पासूनच्या भाड्याच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत, वर्षावार, रबर लावून.

@परशुराम_घाट, तुमच्याकडे कुठलाही लेखी कागद आहे का? पावती, बँकेतून दिलेलं भाडं, मालकाचा मेसेज?

परशुराम_घाट

पावती नाही. भाडं रोख घेतो. पण दर महिन्याला 'आणलं का' असा मेसेज करतो, ते सगळे मोबाइलवर आहेत. खोलीतल्या नेपाळी भावाकडे दोन महिन्यांचं बँकेतलं पण आहे. त्याला विचारलं, तो यायला तयार आहे, जरा घाबरतोय.

गुरुवारी माझी पाळी चार वाजता सुटते.

नाशिककर_ग्रासा

मग साडेचारला मार्तिम मोनीश मेट्रोच्या वरच्या तोंडाशी या. मी मावशींना घेऊन ट्रामने खाली येते. त्यांना गुडघ्यांमुळे हळू चालावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मेसेजचे फोटो आधीच काढून ठेवा, तारीख दिसेल असे. आणि नेपाळी भावाला सांगा, मावशींना सोबत हवी आहे.

परशुराम_घाट

सांगितलं. येतो म्हणाला. मावशींना तिखट चालतं का? हॉटेलातून काहीतरी घेऊन येतो.

नाशिककर_ग्रासा

चालतं. माझा मिरचीचा ठेचा पावाबरोबर खातात.